चौथ्या दिवसाची आग

जुनी आहे, फुटकी आहे, तोंडाशी काळी आहे. पण भट्टी आहे मी, मित्रांनो, आणि चाळीस वर्षे एका घराला खाऊ घातले आहे. आधी एवढे ऐकून घ्या, मग माझ्या भेगेकडे बोट दाखवा. बोट दाखवणारे पुष्कळ पाहिले मी. त्यांतल्या निम्म्यांनी बोट दाखवता दाखवता माझ्याच पोटातला पाव खाल्ला.

माझा पत्ता ॲडलेडच्या पूर्वेकडचा, टेकड्यांच्या पायथ्याशी. घराच्या मागे लिंबाचे झाड, त्यापुढे टोमॅटोचा वाफा आणि कुंपणाला पाठ लावून मी. मला बांधले पेल्लेग्रीनोने. बेनेव्हेंतोजवळच्या एका डोंगरी गावातून तो विशीत इकडे आला आणि गवंडीकामाला लागला. त्याची बायको लिबेरा. पाच फूटही उंच नाही, पण ती अंगणात आली की कोंबड्यासुद्धा रांगेत चालत. पोराने ताटात काही टाकले, की दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्याच्यापुढे तेच ताट येई.

मला बांधायला पेल्लेग्रीनोने दोन महिने घेतले. विटा नव्या नव्हत्या. शहरातली एक जुनी बेकरी पाडत होते, तिच्या भट्टीच्या विटा त्याने एकेक करून निवडल्या, बोटाच्या पेराने वाजवून. बद्द आवाज करणारी वीट तो परत ठेवी. रविवारची प्रार्थना झाली की कोट उतरवून थेट माझ्यापाशी. माझ्या तळाखाली त्याने वाळू घातली, जाडे मीठ घातले आणि वर्षभर साठवलेल्या दारूच्या बाटल्या फोडून त्यांच्या काचा पसरल्या. ऊब जमिनीत उतरू नये म्हणून. त्याच्या बापाने गावाकडे असेच केले होते.

मग त्याने ओल्या वाळूचा एक मोठा ढीग घातला आणि तो हातांनी थापून गोल केला. त्या ढिगावर विटा रचत गेला, एक ओळ, मग दुसरी. शेवटची वीट माथ्यावर बसवली तेव्हा त्याने श्वास रोखून धरला होता. चार दिवसांनी माझ्या तोंडातून ती सगळी वाळू उपसून काढली. आता मला आधार कुणाचाच नव्हता. मी उभी राहिले. पेल्लेग्रीनो आत डोके घालून "ओ" म्हणाला आणि मी "ओ" म्हणाले. माझा पहिला शब्द तो.

त्याच्या गावची माणसे बघायला येत. रोक्को, व्हितो आणि म्हातारा साबातो, तिघांनी तिथल्या तिथे त्याला शब्द टाकला, की आपल्याही अंगणात अशीच बांधून दे. पेल्लेग्रीनोने खिशातल्या पेन्सिलीने तिघांची नावे माझ्या ओट्याच्या भिंतीवर लिहून ठेवली. ओल्या गिलाव्यात ती पक्की झाली. अजून आहेत, बघा.

आता नीट ऐका, मित्रांनो, कारण माझे सगळे आयुष्य इथेच वळले आहे. नव्या भट्टीच्या अंगात पाणी असते. विटेत असते, सांध्यातल्या मसाल्यात असते. ते हळूहळू बाहेर काढावे लागते. पेल्लेग्रीनोने नऊ दिवस ठरवले होते. पहिल्या दिवशी वर्तमानपत्राचा कागद आणि मूठभर काटक्या. दुसऱ्या दिवशी दोन मुठी. असे वाढवत वाढवत नवव्या दिवशी मोठे लाकूड. नववा दिवस शनिवारी येत होता, आणि रविवारी त्यांच्या मुलाचा, नऊ वर्षांच्या दोनातोचा, चर्चमधला पहिला ख्रिस्तप्रसाद. साठ माणसे जेवायला. सगळे जेवण माझ्यातून निघणार होते.

चौथा दिवस सोमवार. पेल्लेग्रीनो सकाळीच कामावर गेला. चौथी आग तो संध्याकाळी आल्यावर पेटवणार होता. दहाच्या सुमारास कुम्मारे नुन्त्सियाता आली. दोनातोच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तिने त्याला हातात धरले होते, म्हणून ती लिबेराची कुम्मारे; बहिणीपेक्षा जवळची आणि बहिणीपेक्षा जास्त टोचणारी. तिच्या नवऱ्याने बाजारातून लोखंडी भट्टी आणली होती. तिने माझ्याभोवती एक फेरी मारली, आत वाकून बघितले आणि कंबरेवर हात ठेवला.

"चार दिवस झाले, कुम्मारे, अजून काटक्याच? माझ्या नवऱ्याच्या सिगारेटचा धूर याहून जास्त निघतो. रविवारी साठ माणसांना काय, कोमट विटा वाढणारेस?"

लिबेरा हसली. पण मी तिचे हात पाहिले. कंबरेला बांधलेल्या पदरकापडाला पुसत होती, आणि ते कोरडेच होते.

नुन्त्सियाता गेली तशी लिबेरा न्हाणीघराच्या मागे गेली. तिथे हिवाळ्याच्या शेकोटीसाठी आणलेली मॅलीची मुळे रचली होती. या मुलखातले मॅलीचे झाड वर किरकोळ, पण त्याचे मूळ दगडासारखे. पेटले की लोखंड लाल करील. तिने एकचाकी गाडीतून सात मुळे आणली आणि सातही माझ्या पोटात कोंबली. तिच्या मनात एवढेच होते, की दुपारच्या आत एक गरमागरम पाव कुम्मारेच्या दारात नेऊन ठेवावा आणि एक अक्षर न बोलता परत यावे. ती दुष्ट नव्हती. तिला फक्त उत्तर द्यायचे होते. ज्या बाईला प्रत्येकाला उत्तर द्यायचे असते ना, तिच्या हातात काडीपेटी देऊ नये.

तिने माझ्या तोंडाचे दार लावून घेतले. ऊब साठावी म्हणून.

माझ्या अंगातले पाणी वाफ होऊन बाहेर पडायला बघू लागले, आणि त्याला वाट नव्हती. मी सोसले. जमेल तितके सोसले, मित्रांनो. मग तोंडापासून पाठीपर्यंत मी तडकले. आवाज असा झाला, की लिंबावरची पाखरे उडाली.

लिबेराने दार काढले. तिने निखारे ओढून बाहेर काढले, टोमॅटोच्या रिकाम्या वाफ्याच्या कोपऱ्यात खड्डा केला आणि ते पुरले. ओल्या झाडूने मला आतून पुसले. गरम विटेवर ओला झाडू. आणखी दोन विटांना चरे गेले. मळलेल्या पिठाचा पाव स्वयंपाकघरातल्या चुलीत भाजला, आणि तो कुम्मारेकडे काही गेला नाही.

संध्याकाळी पेल्लेग्रीनो आला. डबा हातातच होता. तो मला बघून थांबला. मग माझ्यावर हात ठेवला. मी अजून कोमट होते. त्याने बायकोकडे पाहिले.

"चौथी आग मी पेटवली," लिबेरा म्हणाली. "तुझं काम वाचावं म्हणून. मूठभर काटक्या, तू घालतोस तशाच."

खरे सांगते, त्या क्षणी मला पुन्हा "ओ" म्हणायचे होते. पण भट्टीच्या तोंडात कुणी डोके घातल्याशिवाय तिला बोलता येत नाही.

पेल्लेग्रीनो तिच्यावर रागावला नाही. तेच वाईट झाले. तो खाली बसला आणि भेगेवरून बोट फिरवू लागला, वरून खाली, खालून वर. मूठभर काटक्यांनी तडकलेली भट्टी म्हणजे बांधणाऱ्याचा दोष. याला दुसरा अर्थच नाही. मसाल्यात चुना कमी पडला का, घुमट फार सपाट झाला का, वाळू लवकर उपसली का, असे तो स्वतःलाच विचारत राहिला. अंधार पडेपर्यंत तिथेच होता.

रविवारी साठ माणसे आली आणि स्वयंपाकघरातल्या चुलीवरचे जेवली. रोक्कोने विचारले, काय झाले रे. पेल्लेग्रीनो सरळ माणूस. त्याने सगळ्यांसमोर सांगितले, मूठभर काटक्यांनी फुटली, मला जमले नाही. नुन्त्सियाता पंखा हलवत राहिली. लिबेरा भरलेले ताट घेऊन दारात उभी होती. बोलायची वेळ ती होती, मित्रांनो. तोंडही उघडले तिने. मग ताट साबातोपुढे ठेवले आणि "खा, निवतंय" म्हणाली.

त्याच आठवड्यात पेल्लेग्रीनोने तिघांनाही सांगून टाकले, की दुसरा कुणी गवंडी बघा. त्यांनी फार आग्रह केला नाही. लोक बरे असतात, पण फुटक्या भट्टीची चव त्यांना लवकर कळते. त्यानंतर पेल्लेग्रीनोने चाळीस वर्षे सरळ भिंती बांधल्या. कुंपणे, गाड्यांची घरे, शाळेची एक लांबच लांब भिंत. कमान आली की दुसऱ्याला देई. घुमट पुन्हा कधीच नाही.

त्याने मला पाडायलाही काढले होते. घण घेऊन आला होता. लिबेरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, फुटकी असली तरी माझी आहे, हात लावशील तर बघ. शेजाऱ्यांना वाटले, केवढा जीव आहे हिचा भट्टीवर. जीव होताच. पण तिला माझ्याकडे बघायची शिक्षा हवी होती आणि ती चुकवायची तिची तयारी नव्हती, हे मलाच ठाऊक.

मग मी राबले. भेग चिकणमातीने लिंपून घेऊन राबले. लिबेरा पहाटे मला पेटवी. पेल्लेग्रीनोने एकच नियम घातला होता, की ही नाजूक आहे, हिला द्राक्षाच्या छाटणीच्या काटक्या आणि बदामाचे लाकूड याशिवाय काही घालायचे नाही. नाजूक! मला! आणि लिबेरा मान खाली घालून तो नियम पाळी, चाळीस वर्षे, एकदाही न चुकता. दर शनिवारी अकरा पाव. ईस्टरला अंड्यांची आणि चीजची भरलेली पोळी. उन्हाळ्यात लाल मिरच्या भाजायला शेजारपाजारच्या बायका माझ्यापुढे ताटे घेऊन बसत. दोनातोच्या लग्नाच्या आधी तीन दिवस मी विझले नाही. लोक लिबेराच्या हाताची तारीफ करत. माझी कोण करतो? पण एवढ्या वर्षांत पेल्लेग्रीनोने माझ्यात एक काडीसुद्धा घातली नाही. पाव खाई, मुकाट्याने खाई, आणि माझ्याकडे पाठ करून बसे.

टोमॅटोच्या वाफ्याचा तो कोपरा लिबेरा कुणाला खणू देत नसे. दर वसंतात आपणच खणी, आणि कोळशाचा तुकडा वर आला की पुन्हा खोल दाबी. कोळसा काही कुजत नाही.

पुढे माणसे कमी झाली. दोनातोने माझ्या बाजूला चकचकीत गॅसची शेगडी आणून ठेवली. कळ फिरवली की पेटते, तिच्यात सोसण्यासारखे काहीच नाही. माझ्या डोक्यावर तुळशीसारख्या बाझिलिकोच्या कुंड्या आल्या, मग रिकाम्या कुंड्या आल्या, मग तुटकी सायकल. कोळ्याने माझ्या तोंडावर जाळे विणले. महिनेच्या महिने मी गार असे. गार भट्टी म्हणजे काय हे तुम्हाला कसे सांगू? सगळे गेल्यावर मांडून ठेवलेले ताट असते ना, तसे.

याच उन्हाळ्यात दोनातोची मुलगी इलारिया आली. पंचविशीची, मरे नदीकाठी घर घेतलेले, हातात कागद. कागदावर भट्टीचे चित्र होते. नॉन्नो, अशी मला बांधून दे, असे तिने आजोबांना, पेल्लेग्रीनोला, सांगितले. तो शेंगा सोलत होता. त्याने मान वर केली नाही.

"बाजारात मिळते. मी बांधलेली काटक्यांनी फुटते, तुझ्या बापाला विचार."

इलारियाने हट्ट केला, दोनातोनेही समजावले. म्हातारा ऐकेना. शेवटी चिडून त्याने शेंगांची परात उचलली आणि आत निघून गेला. इलारिया माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली. मागून लिबेरा आली.

"नॉन्ना, तू सांग ना त्याला," इलारिया म्हणाली. "त्याची बोटं बघितलीस? डॉक्टर म्हणतो, अजून वर्षभर. मग वीट धरवणार नाही. मला भट्टी नकोय गं. मला त्यानं बांधलेलं काहीतरी हवंय, आणि त्याला वाटतं त्याला येतच नाही."

लिबेराने ओट्याच्या भिंतीवरची तीन नावे पाहिली. रोक्को, व्हितो, साबातो. तिघेही केव्हाच मातीत गेले होते. पोर गेल्यावर माझ्या डोक्यावरची सायकल तिने ओढून काढली, एकटीने, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आणि माझ्या तोंडावरचे जाळे हाताने पुसले. मला वाटले, चला, निदान पाव तरी भाजेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खुरपे घेतले आणि वाफ्याच्या त्या कोपऱ्यात बसली. फळाने लगडलेली दोन झाडे मुळासकट उपटली. खणत गेली. पदरकापडात कोळसे घेतले आणि पेल्लेग्रीनो लिंबाखाली उलट्या बादलीवर बसला होता तिथे जाऊन एक तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.

त्याने तो उन्हात फिरवला. "मॅलीचा आहे. भट्टीत आपण मॅली कधी घातलं नाही."

"एकदा घातलं. चौथ्या दिवशी. सात मुळं."

पेल्लेग्रीनोने तो तुकडा मुठीत मिटला.

"दार लावलं होतंस?" त्याने विचारले.

"हो."

"किती वेळ?"

"आवाज येईपर्यंत."

तो उठला. काठी बादलीशीच राहिली. माझ्यापाशी आला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा आत डोके घातले. भेग पाहिली, विटा पेराने वाजवल्या, त्या वाकड्या बोटांनी, एकेक करून. एकही बद्द वाजली नाही. खोटे कशाला सांगू, त्या वेळी मी जरा ताठच झाले होते.

"मग घुमट चांगला होता," तो म्हणाला. तिला नाही, मला म्हणाला. आणि माझ्या पोटात ते शब्द फिरले आणि त्याच्याच कानांवर परत गेले.

मग मागे न वळता म्हणाला, "चाळीस वर्षं, लिबे."

ती पदरकापडात कोळसे धरून उभी राहिली.

त्यानंतर अकरा दिवस तो तिच्याशी बोलला नाही. मी मोजले, मला दुसरे काम काय? ती ताट ठेवी, तो जेवी. ती दिवा मालवी, तो झोपे. मुलाला फोन करून तिने स्वतःच सगळे सांगितले, आणि नुन्त्सियातालासुद्धा, जी आता वृद्धाश्रमात असते. नुन्त्सियाताला ती सिगारेटची गोष्ट आठवतच नव्हती. हे ऐकून लिबेरा माझ्या ओट्यावर बसली ती बराच वेळ उठली नाही. जिला उत्तर द्यायला म्हणून एवढे केले, ती प्रश्नच विसरून गेली होती.

बाराव्या दिवशी पेल्लेग्रीनोने पेटीतून थापी काढली. गंजली होती, तेल लावून, घासून लखलखीत केली. ओळंबा काढला. इलारियाला फोन करून वाळू कोणती आणायची ते सांगितले आणि विटा मी येऊन वाजवल्याशिवाय घेऊ नकोस, असे दरडावले. मग तो माझ्याकडे आला. वाकून द्राक्षाच्या वाळक्या काटक्या वेचल्या. एक मूठ, जास्त नाही. कागदाचा बोळा केला, काटक्या रचल्या आणि काडी ओढली.

त्याच्या हातची चौथी आग ती, मित्रांनो. चाळीस वर्षे उशिरा आलेली.

लहानशी आग. कुणाचे दूधही तापले नसते. पण त्याने ती शेवटच्या काडीपर्यंत बघितली, आणि भेग जशी होती तशीच राहिली, केसभरही हलली नाही. लिबेरा स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराआड उभी होती. बाहेर यायचे धैर्य तिला होत नव्हते. तिला!

"लिबे," त्याने हाक मारली. "पिशवी भर. पोरीकडे महिनाभर राहायचंय. भट्टी मी बांधीन. पण नऊ दिवस तिच्यापाशी तू बसायचंस. काटक्या तू मोजायच्यास, मुठीनं, माझ्यासमोर. आणि दार लावायचं नाही."

"नाही लावणार," ती म्हणाली.

एवढेच. हसले नाही कुणी, गळ्यात गळा घातला नाही. ती आत जाऊन पिशवी भरू लागली, आणि तो माझ्या राखेत बोट फिरवत बसला. त्याची रागाची गाठ सुटली का, मला माहीत नाही. चाळीस वर्षांची गाठ मूठभर काटक्यांनी जळत नसते. रोक्को, व्हितो आणि साबातोच्या अंगणांतल्या भट्ट्या तर आता कुणीच बांधू शकत नाही. त्या माझ्या बहिणी व्हायच्या होत्या. कधी कधी त्यांच्यासाठी मला वाईट वाटते.

दोघे गेले त्याला आता पंचवीस दिवस झाले. अंगण रिकामे आहे. काल दोनातो झाडांना पाणी घालायला आला होता. फोनवर कुणाला तरी सांगत होता, की घुमट उभा राहिलाय, वाळू उपसली, म्हातारी तीन दिवस भट्टीसमोर खुर्ची टाकून बसली आहे, कुणाला जवळ येऊ देत नाही आणि काटक्या दोनदा मोजते. आज तिकडे चौथा दिवस आहे.

मला इथून काही दिसत नाही. मी फक्त कान देऊन आहे.

मित्रांनो, मला डागडुजी नको, रंग नको, माझ्यावर फुले ठेवू नका. एवढे मात्र करा. जे नवे आहे, ओले आहे, त्याला कुणाच्या टोमण्यापायी मोठी आग लावू नका. भट्टी असो, नाहीतर धाकटे भावंड असो. आणि लावलीतच, फुटलेच काही, तर त्याच संध्याकाळी सांगा, माणूस डबा हातात घेऊन दारात उभा असतानाच. भेग लिंपता येते. मी आहे ना उभी. पण ज्याने बांधले त्याला आपले हात वाईट वाटू लागले, तर ते कुठल्या मातीने लिंपायचे, ते मला चाळीस वर्षांत समजले नाही.

आणि जाताना माझ्या डोक्यावरच्या रिकाम्या कुंड्या तेवढ्या खाली ठेवा. ती दोघे परत आली, की शनिवारी अकरा पाव लागतील.